मुनाफचाचांचा राहिलेला अर्धा भाग

शेख मुनाफ शेख दौलत हे पूर्ण नाव आमच्या टाकळगव्हाणात फक्त मतदारयादीत होतं. हिंदू त्यांना मुनाफभाई म्हणत, मुसलमान मुनाफमियाँ म्हणत, आणि आम्ही पोरीबाळी मुनाफचाचा म्हणत असू. धंदा पिंजाऱ्याचा. गाद्या, उशा, लोड भरून द्यायचे. पण परगावचा कोणी एस.टी.तून उतरून त्यांचं घर विचारू लागला, की पानठेल्यावरचे लोक आधी विचारत, "गादीवाले मुनाफभाई पायजे का वादवाले?" घर एकच होतं, तरी विचारत.

चाचा वाद घालत. म्हणजे भांडत नसत. भांडण त्यांना जन्मात जमलं नाही, ते खातं जैतुनचाचीकडं होतं. चाचांचा वाद धर्मावर. देव एक की अनेक, त्याला रूप आहे की नाही, मेलेला माणूस परत येतो की नाही. मुकुटबनच्या बाजारात एक पाद्री यायचे, त्यांच्याशी. महानुभाव पंथाच्या एका बाबांशी. शाळेतल्या भीमराज गुरुजींशी, ज्यांचं म्हणणं देव नाहीच असं होतं. आणि सगळ्यात जास्त माझ्या वडिलांशी. बाबांचं नाव पुंडलिकराव. पोस्टात बाबू होते, आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी मारुतीच्या देवळात निरूपण करायचे.

चाचांच्या वादानं आजपर्यंत कोणाचा धर्म बदललेला नाही. त्याचं त्यांना वाईट वाटल्याचंही कोणाला आठवत नाही.

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, आमच्याच जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. गावात मुसलमानांची घरं थोडी, मशीद लहान, मौलवी ठेवण्याची कोणाची ऐपत नाही. जुम्म्याला नमाज व्हायची आणि लोक उठून आपापल्या कामाला लागायचे. नमाजेआधी चार गोष्टी समजावून सांगायच्या असतात, त्याला बयान म्हणतात. ते करणारं कोणी नव्हतं. चाचा तेव्हा तिशीत होते. वणीच्या एका घड्याळजीला त्यांनी गादी भरून दिली आणि बदल्यात उर्दू अक्षरं मागितली. घड्याळजीनं अक्षरं दाखवली, पण ती एकमेकांना कशी चिकटतात हे सांगायच्या आत त्यानं दुकान हलवलं. बाकीचं चाचांनी स्वतःच जुळवलं. त्यामुळं त्यांची उर्दू थोडी टाकळगव्हाणची होती. काही वर्षांनी एका जुम्म्याला मशिदीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी यासीनसेठ म्हणाले, "मुनाफमियाँ, आज दो बातें तुमच बोल दो."

तेव्हापासून बयान चाचांचं. अर्धं हिंदीत, अर्धं वऱ्हाडीत. गुरुवारी ते गादीचं काम घेत नसत, गुरुवार बयान जुळवण्याचा. शुक्रवारी धुतलेला कुर्ता आणि कानात अत्तराचा फाया. जैतुनचाची म्हणायच्या, "लगनाच्या दिवशी बी एवढा नव्हता सजला." गादीला उशीर झाला तर चाचांना चालायचं. बयानाला उशीर झालेला गावानं पाहिला नाही.

त्यांची वाद घालण्याची एक रीत होती, ती धंद्यातून आलेली. पूर्वी पिंजारी घरी येऊन बसायचा. अंगणात जुन्या गादीचा कापूस मोकळा करायचा आणि कमानीला ताणून बांधलेल्या तातीवर लाकडी ठोकळा मारत तो पिंजायचा. आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू यावं. शिवाय कापूस नाकातोंडात जातो म्हणून तोंडाला फडकं. त्यामुळं बाबा ओसरीत बसून जे बोलत, त्याला चाचांना लगेच उत्तर देता येत नसे. एक ढीग पिंजून झाला की ते कमान बाजूला ठेवत, फडकं सोडत, मिशीवरचा कापूस झटकत आणि म्हणत, "म्हंजे बाबूजी, तुमचं म्हननं असं हाये पाहा..."

मग बाबांचं सगळं म्हणणं पहिल्यापासून स्वतःच्या तोंडानं सांगत. मधलं जे ऐकू आलं नसेल ते पदरचं घालत, आणि बहुतेक वेळा ते बाबांच्या बोलण्यापेक्षा बरं असे. शेवटी विचारत, "बरोबर?" बाबा "बरोबर" म्हणाले, की मग स्वतःचं उत्तर. बाबा "एक राहिलं" म्हणाले, तर जे राहिलं ते बाबांनी स्वतः सांगायचं, आणि मग पुन्हा "बरोबर?" त्याशिवाय पुढं जायचं नाही. बाबांनीही हीच रीत उचलली. एकेक वाद त्यामुळं दोन-दोन गाद्यांना पुरायचा.

आई आतून म्हणायची, "मुनाफभाऊ, मले गादी या दिवाळीले पायजे का पुढच्या?"

"वहिनी, बाबूजींचं एकच राह्यलं आता."

सगळ्यात जुना वाद देवाच्या रूपाचा. चाचा म्हणत, "मूर्तीले पुढा असते, पाठ असते. पुढं बसला त्याले दर्शन झालं. पाठीमागं बसला त्याचं काय?"

बाबा म्हणत, "म्हणून तर प्रदक्षिणा आहे, मुनाफ. जा ना फिरून."

चाचा फडकं बांधून पुन्हा पिंजू लागत. ह्याच्यावरही त्यांच्याकडं उत्तर असे, पण ते आठवड्यानं येई.

मी सांगते आहे ते दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं. कापसाची ती वर्षं सगळ्यांना माहीत आहेत, मी नव्यानं सांगत नाही. घराघरात कापूस पडून होता आणि गादी मात्र कोणी भरत नव्हतं, कारण घरात काही शुभ असलं की गादी भरतात. चाचांची कमान भिंतीवर टांगलेली राहू लागली. त्या दिवसांत शहरातून आमच्या भागात खूप माणसं येत. कोणी कॅमेरा घेऊन, कोणी प्रश्न घेऊन. एका वार्ताहरानं चाचांना विचारलं, "या परिस्थितीचा तुमच्यावर काय परिणाम झाला?" चाचा म्हणाले, "म्हंजे तुमचं म्हननं असं हाये पाहा..." आणि त्याचा प्रश्न त्याला सविस्तर सांगू लागले. टेप संपली. तो "थँक्यू चाचा" म्हणून गेला. चाचा पुढं बरेच दिवस म्हणत, "बरोबर का चूक, त्यानं काईच नाई सांगतलं."

लोकांचं मन खचू नये म्हणून कार्यक्रमही पुष्कळ होत. मारेगावला चारुदत्त नावाचे एक उत्साही प्राध्यापक होते, त्यांनी सर्वधर्म वादसभा ठरवली. विषय, 'देवाला रूप हवे काय?' जागा कापूस खरेदीच्या आवाराची. कापूस येत नव्हता, त्यामुळं आवार मोकळं होतं. हिंदूंच्या बाजूनं बाहेरून एक महाराज बोलावले होते आणि मुसलमानांच्या बाजूनं चाचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव पत्रकावर छापून आलं, 'मौलाना मुनाफ साहेब'. मौलाना ते नव्हते. हाजी यासीनसेठनी ते पत्रक आपल्या किराणा दुकानातल्या तेलाच्या डब्यावर चिकटवलं.

गावातून एक ट्रॅक्टर हिंदूंचा गेला, एक मुसलमानांचा. हिंदूंच्या ट्रॅक्टरमध्ये दाटी होती म्हणून बाबा मुसलमानांच्या ट्रॅक्टरमध्ये बसले. आई आणि मी एस.टी.नं गेलो.

महाराज तासभर बोलले. दृष्टांत भरपूर होते, विषय त्या मानानं कमी होता. मग चाचा उठले. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "महाराजांचं म्हननं असं हाये पाहा. कापूस मोकळा असला तं त्याच्यावर झोपता येत नाई. वारा आला का उडते. त्याले खोळ लागते. खोळ म्हंजे कापूस नोहे, हे झोपनाऱ्यालेबी मालूम हाये. पन खोळीबिगर कापसाले कवटाळाचं कसं? बाप परगावी गेला का लहान लेकरू त्याची टोपी घेऊन बसते. टोपी म्हंजे बाप नोहे. पन टोपी हिसकून घ्या, लेकरू रडते. आता त्या रडत्या लेकराले तुमी काय सांगान, का बाप निराकार हाये म्हून?"

माझे हात आपोआप जोडले गेले. मी रोज देवापुढं दिवा लावते, पण कशासाठी लावते हे मला इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. महाराज स्वतः मान डोलवत होते. असं पुष्कळ बोलून झाल्यावर चाचा त्यांच्याकडं वळले. "बरोबर?"

"अगदी बरोबर!" महाराज हात जोडून म्हणाले. टाळ्या थांबेनात. चाचांनी त्या थांबू दिल्या, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आता माहं म्हननं..."

आणि लाइन गेली.

त्या वर्षी आमच्याकडं वीज ठरलेल्या वेळेला जायची आणि ठरलेल्या वेळेला यायची नाही. आवार मोठं, चाचांचा आवाज गादीवाल्याचा, मऊ. तरी त्यांनी सगळा दुसरा भाग माइकशिवाय सांगितला. तो पहिल्या रांगेला ऐकू गेला, म्हणजे बाबांना आणि महाराजांच्या तबलेवाल्याला. बाकीचे तोपर्यंत मसालेभाताच्या रांगेत होते.

परतीच्या ट्रॅक्टरमध्ये चाचांच्या शेजारी बाबांशिवाय कोणी बसलं नाही. मध्येच बाबा म्हणाले, "दुसरा भाग चांगला झाला."

दुसऱ्या दिवशी चारुदत्त सर शाल आणि नारळ घेऊन चाचांच्या घरी आले. पेपरात फोटो आला, खाली लिहिलेलं, 'मौलानांनी उलगडले मूर्तिपूजेचे मर्म'. तेलाच्या डब्यावरचं पत्रक निघालं. त्या जागी साबणाची जाहिरात आली.

चाचा स्वतःच दुकानावर गेले. बाबा तिथं साखर घ्यायला उभे होते, म्हणून पुढचं बोलणं आम्हाला शब्दाशब्दानं माहीत आहे.

"मुनाफमियाँ, जुम्मे को आराम करो," यासीनसेठ म्हणाले.

"तब्येत बरी हाये माही, सेठ."

"तबियत की बात नहीं. लोगाँ पूछ रहे, मियाँ पलट गए क्या."

"मी आधी त्याईचं सांगतलं. मंग आपलं सांगनार होतो. लाइन गेली."

"लाइन सबकी जाती है. तुम्हारीच बराबर बीच में गई."

"यासीनसेठ," बाबा म्हणाले, "दुसरा भाग मी ऐकला आहे. सगळा."

"बाबूजी, तुम उसके दोस्त. तुम्हारी गवाही तराजू में बैठती नहीं. शक्कर कितनी?" मग ते चाचांकडं वळले. माणूस वाईट नव्हता, त्याला लोकांना तोंड द्यायचं होतं. "देखो मियाँ. जैसे पहला बोले, वैसेच दूसरा बोलो. माइक पे. सामने हिंदू लोगाँ बैठे पायजे. फिर आओ, बयान तुम्हारा."

त्या जुम्म्याला नमाज झाली आणि लोक उठून आपापल्या कामाला लागले. चाचा शेवटच्या रांगेत होते. कानात अत्तर नव्हतं.

काही आठवड्यांनी जैतुनचाची आमच्याकडं येऊन आईपाशी बसल्या. "काय सांगू कोकिळाबाई. गुरुवारी काम घेत नाई, जुम्म्याले बोलत नाई. दिवसभर घरात. आता माह्यासंगं वाद घालून राह्यला."

"कायचा वाद?"

"कायचाबी. आधी माहं सारं म्हननं सांगते, मंग इचारते बरोबर का. माही सासू मले काय बोलली होती, तेबी त्याच्या ध्यानात. मले वाटलं होतं त्यानं ऐकलंच नाई कधी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्याले बोलू द्या ना कोनी. मले नाई सहन होत इतकं बरोबर."

मध्यंतरी चारुदत्त सरांनी पुसदला दुसरा कार्यक्रम ठेवला. चाचा लगेच तयार झाले, कारण माइक असणार होता आणि हिंदू असणार होते. लाइन जाणार नाही अशी वेळही सरांनी साधली होती. चाचांनी पहिला भाग सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चारुदत्त सर गहिवरून उठले. म्हणाले, "एवढं ऐकल्यावर आता कोणी काही बोलण्यासारखं उरतच नाही." आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. चाचांनी खुर्चीतून हात वर केला. त्या हातात नारळ देण्यात आला.

तो नारळ त्यांनी आईला आणून दिला. बाबा म्हणाले, "मुनाफ, उलटं कर. आधी दुसरा भाग सांग. लाइन गेली तर पहिला जाईल."

चाचांना ते पटलं. आमच्या अंगणात उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला. "माहं म्हननं असं हाये पाहा..." आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"कोनाले सांगून राह्यलो मी, बाबूजी? कोनी काई म्हनलंच नाई अजून." ते ओट्यावर बसले. "कापूस भराच्या आंधी खोळ शिवून टाकल्यासारखं होते हे. मले नाई येत."

मग एका शनिवारी सकाळी न्हाणीतून त्यांचा आवाज येऊ लागला. ते चाचांचं म्हणणं म्हणून पाहत होते, मध्ये मध्ये पाण्याचा तांब्या. त्याआधीच देवळाच्या फळ्यावर त्यांनी खडूनं विषय लिहून ठेवला होता, 'देवाला रूप हवे काय?' दुपारी जाऊन यासीनसेठना सांगून आले, "आज संध्याकाळी दुकान बंद करू नका. भोंग्याचं तोंड तुमच्याकडंच आहे." दुकान देवळासमोर होतं.

पेपरातल्या फोटोमुळं विषयाला मागणी होती. देऊळ भरलं. चाचा नेहमीसारखे बाहेर निंबाच्या ओट्यावर. बाबांनी मारुतीला नमस्कार केला, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "मुनाफभाईंचं म्हणणं असं आहे पाहा."

देवळाचे पंच वामनराव प्रसादाची परात झाकत होते, त्यांचा हात तसाच राहिला.

बाबा बोलत गेले. खोळ मळते, फाटते, बदलावी लागते. एकाची खोळ फुलाफुलांची, एकाची पट्ट्यांची, आणि माणसं खोळीवरून भांडतात, तेव्हा आतला कापूस एकाच वावरातला असतो. टोपी घेऊन बसलेलं लेकरू चांगलं, पण ते मोठं होतं. एक दिवस बाप दारात येऊन उभा राहतो, आणि लेकराची नजर टोपीवरून हलत नाही. तेव्हा बापानं काय करावं? बाबा हे असं सांगत होते, की दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला आणि मग कोणाच्या बाजूनं लावला हे लक्षात येऊन काढला.

मग बाबा निंबाकडं पाहून म्हणाले, "बरोबर?"

"एक राह्यलं, बाबूजी."

"कोणतं?"

"पुढा-पाठीचं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "ते तुम्हीच सांगा. मला ते नीट यायचं नाही."

आई माझ्या कानाशी लागली. "सकाळी न्हाणीत तं पुढा-पाठीचंच घोळवत होते."

वामनराव उठून उभे राहिले. "पुंडलिकराव, देवळाच्या माइकवर?"

"मग काय करू, वामनराव? त्यांचं पुरं झाल्याशिवाय माझं उत्तर सुरू होत नाही. माझं उत्तर झाल्याशिवाय आरती होत नाही."

"अन् आरतीबिगर प्रसाद नाई," बायकांतून रुपीबाई म्हणाली. "द्या ना जी त्याले माइक. माही शेळी मोकळी हाये तिकडं."

वामनरावांनी विचार केला. "माइक बाहेर जात असन तं मले काई म्हनाचं नाई. मानूस आत नको."

वायर ओट्यापर्यंत पुरेना. माइक पायरीपर्यंत आला, चाचा पायरीपर्यंत आले. त्यांनी माइक हातात घेतला, मिशीवर नसलेला कापूस झटकला आणि म्हणाले, "म्हंजे बाबूजींचं म्हननं असं हाये पाहा..."

बाबांनी कपाळाला हात लावला. पण रीत ती रीत. बाबा जे बोलले होते ते सगळं चाचांनी पहिल्यापासून सांगितलं, खोळ, फुलं, पट्टे, वावर, टोपी, दारातला बाप. म्हणजे चाचांचा दुसरा भाग बाबांच्या तोंडून एकदा झाला होता, तो आता चाचांच्या तोंडून झाला. माइकवर. समोर हिंदू बसलेले. समोरच्या दुकानात यासीनसेठ तराजू सोडून बाहेर आले होते.

"बरोबर?"

"बरोबर," बाबा म्हणाले.

"आता जे राह्यलं थे." चाचांनी माइक तोंडाजवळ धरला. "मूर्तीले पुढा असते, पाठ असते. पुढं बसला त्याले दर्शन झालं. पाठीमागं बसला त्याचं काय? या साली पाठीमागं बसनारेच जास्त हायेत, म्हून इचारून राह्यलो."

रुपीबाईनं शेळीचं नाव काढलं नाही. चाचांनी माइक दोन्ही हातांनी परत दिला. बाबांनी तो घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "म्हणून तर..."

आणि लाइन गेली.

बाबांनी पुढचं माइकशिवाय सांगितलं, पण वामनरावांना आता धीर नव्हता. त्यांनी घंटा धरली आणि आरती सुरू केली. प्रदक्षिणेचं उत्तर घंटेत गेलं. गावानं ऐकलं ते 'म्हणून तर' एवढंच, आणि तिथून घरी जाईपर्यंत ज्यानं त्यानं ते आपापल्या मनानं पुरं केलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर बोलणं होतं, पोस्टबाबू पलटले. वामनराव घरी येऊन, चहा घेऊन, आईची तब्येत विचारून म्हणाले, "पुंडलिकराव, पुढच्या शनिवारी जरा आराम करा."

बाबा म्हणाले, "घसा बसलाच आहे." घसा बसला नव्हता.

यासीनसेठ त्याच दिवशी चाचांच्या दारात गेले होते. "दूसरा हिस्सा सुना. दो बार सुना. जुम्मे को आओ."

"बाबूजींचं उत्तर राह्यलं, सेठ. लाइन गेलती."

"वो उनका मसला है, मियाँ."

गुरुवारी चाचांनी काम घेतलं नाही.

शुक्रवारी दुपारी बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. मांडीवर सुपात तूर घेतली होती, पण निवडत नव्हते. आई म्हणाली, "आत या, उन्हात काय बसता?" ते म्हणाले, "इथं उजेड आहे." मशिदीचा भोंगा आमच्या अंगणात स्पष्ट ऐकू येतो.

आधी माइकवर बोट आपटल्याचा आवाज आला. मग चाचांचा.

"बयानाच्या आंधी एक गोष्ट. बाबूजींचं उत्तर राह्यलं हाये. लाइन गेलती. त्याईच्यापाशी आता माइक नाई, म्हून आंधी त्याईचं सांगतो. बाबूजींचं म्हननं असं हाये पाहा. देवाच्या पाठीमागं कोनी बसलं असन, तं देवानं कायले फिराचं? आपुन फिराचं. म्हून प्रदक्षिणा. अन् फिरता फिरता आपुन पाठीमागच्या बाजूले येतो, तं थो बसला असते तिथं. आपल्याले थो दिसते. देवळात मूर्ती पाहाले गेलो, न् मानूस दिसला. प्रदक्षिणा त्याच्यासाठी हाये."

बाबा हे इतकं कधीच म्हणाले नव्हते. ते 'जा ना फिरून' एवढंच म्हणत. त्यांनी सूप खाली ठेवलं.

भोंग्यातून यासीनसेठांच्या खाकरण्याचा आवाज आला. मग चाचा म्हणाले, "बरोबर, बाबूजी?"

"बरोबर," बाबा खुर्चीत बसल्या बसल्या, नेहमीच्या आवाजात म्हणाले. मशिदीत ते ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पण भोंगा थोडा वेळ गप्प राहिला, माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा.

"आता आपलं म्हननं," चाचा म्हणाले.